बाजारच्या बैलाला पत्री नाही

उंबरनाक्याला येऊ नका. आलात तर थांबू नका, आणि थांबलातच तर कुणाला पत्ता विचारू नका. इथला माणूस पत्ता सांगण्याआधी तुम्ही कोणाचे कोण, कशासाठी आलात आणि परत कधी जाणार ते विचारतो, आणि एवढं सगळं काढून घेतल्यावर पत्ता चुकीचाच सांगतो. मी इथलाच. गोकुळ माझं नाव. रस्त्याला लागून माझं खता-बियाण्याचं दुकान आहे, मागं सात एकर रान आहे, एक बैलजोडी आहे. म्हणजे गावाला नावं ठेवायचा मला पुरता हक्क आहे.

फर्दापूर मागं टाकून खानदेशाकडं निघालं की दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव लागतं. निजामाच्या काळी इथं जकातीचा नाका होता. अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रज, आणि मधे उंबराखाली बसून गाड्या उघडून बघणारे शिपाई. निजाम गेला, शिपाई गेले, उंबरही वठून गेला. राहिला तो फक्त संशय. आजही गावाच्या मधोमध जाणारा डांबरी रस्ता हीच हद्द आहे. रस्त्याच्या अलीकडं संभाजीनगर जिल्हा, पलीकडं दुसरा. दोन ग्रामपंचायती, दोन तलाठी, विजेच्या दोन लाईनी. आमची वीज गेली की पलीकडचे मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांचं पाणी बंद झालं की आमच्या बायका अंगणात सडे घालतात. केर काढला की रस्त्यापलीकडं लोटायचा, तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

एकदा ट्रकखाली सापडून एक कुत्रं बरोबर रस्त्याच्या मधोमध मेलं. सकाळी आमच्या शिपायानं काठीनं ते पलीकडं ढकललं. दुपारी त्यांच्या शिपायानं अलीकडं ढकललं. तीन दिवस ते कुत्रं असं हद्दीवर येरझाऱ्या घालत होतं, आणि दोन्हीकडची माणसं नाकाला रुमाल लावून मजा बघत होती. यात मीही होतो. गाव असं आहे हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही.

या गावात सगळ्यात खवचट माणूस कोण असं विचारलंत तर दोन्ही जिल्हे पहिल्यांदाच एकमतानं सांगतील, रहीम नालबंद.

रस्त्याच्या कडेला, माझ्या दुकानासमोर तिरपं एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत रहीमची जागा. साठी उलटलेला, काटक, तोंडात कायम चार खिळे धरलेले. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री मारायची हे त्याचं काम. बापानं केलं, आज्यानं नाक्यावरच्या घोड्यांना नाल मारले. त्याचा मुलगा अफजल मात्र संभाजीनगरला कंपनीत लागला. "औरंगाबादला आहे," असं रहीम सांगतो, आणि कुणी नाव दुरुस्त करायला लागलं की म्हणतो, "तुझी बस तिथं जाते ना? मग बस."

बैल पाडताना त्याला बघावं. बैलाच्या अंगाभोवती दोर असा काही फिरवतो की एवढं मोठं जनावर गुडघे दुमडून आपणहून आडवं होतं. मग चारही पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि प्रत्येक खुराच्या दोन्ही नख्यांना एक एक पत्री ठोकायची. एका बैलाला आठ. खिळा जरा आत गेला तर बैल कायमचा लंगडा होतो. रहीमचा खिळा कधी आत गेला नाही. काम करताना बैलाशी दखनीत गोड बोलायचा, "सो जा मेरे राजा, बस हो गया." आणि मान वर करून मालकाला म्हणायचा, "याला आठ लागतात. तुझ्या तोंडाला एक मारली तरी पुरे."

सगळ्यांशी हीच भाषा. कुणाचा चहा घ्यायचा नाही, कुणाच्या लग्नात जेवायचं नाही. अजिंठ्याहून परतणाऱ्या एका पर्यटकानं न विचारता त्याचा फोटो काढला तर हातोडा घेऊन गाडीपर्यंत मागं धावला. त्याच्याशी बोलायला जाणं म्हणजे हातानं विंचू उचलणं. तरी दोन्ही जिल्ह्यांतले बैल त्याच्याकडंच येत, कारण आसपास दुसरा नालबंद उरलेलाच नव्हता.

आणि गावाचा त्याच्यावर खरा राग होता तो शिव्यांमुळं नव्हताच. राग होता त्याच्या एका नियमामुळं. बैल पाडायच्या आधी रहीम मालकाला एकच प्रश्न विचारायचा.

"बाजारात न्यायचाय का?"

न्यायचा असेल तर पत्री नाही. का, ते त्या लिंबावर टांगलेलं होतं. झाडाच्या बुंध्याला खिळ्यावर आठ जुन्या, गंजक्या पत्र्या आहेत. रहीमच्या बापानं तरुणपणी एका लंगड्या बैलाला नव्या पत्र्या मारून दिल्या. मालकानं तो बाजारात धडधाकट म्हणून विकला. खुलताबादकडच्या एका गरिबानं घेतला, आणि घाटात भरल्या गाडीला जुंपल्यावर बैल बसला. गाडी उलटली, बैल मेला. तो माणूस आठ दिवसांनी चालत इथं आला, मेल्या बैलाच्या पत्र्या त्यानं रहीमच्या बापापुढं ठेवल्या आणि आल्या वाटेनं परत गेला. त्या दिवसापासून विकायच्या बैलाला या झाडाखाली लोखंड लागलं नाही.

आता यातली गोम बघा. पंचक्रोशीतल्या बाजारात घेणारा शहाणा माणूस आधी बैलाचा पाय उचलायला लागला. नवी पत्री दिसली की समजायचं, हा घरचा बैल, मालक पैशाला अडला म्हणून ऐनवेळी आणलाय. आणि झिजलेल्या खुरांचा बैल दिसला की विचारायचं, रहीमनं का परत पाठवला? म्हणजे हा माणूस झाडाखाली बसून सगळ्या बाजाराचा निकाल लावायचा. ज्याला त्याला आपला माल खपवायचा असतो. कोण सहन करील?

सर्जेरावांनी तर मुळीच केलं नाही. सर्जेराव म्हणजे पलीकडच्या बाजूचं मोठं घर. केळीचे बाग, दोन ट्रॅक्टर, आणि मिरवायला म्हणून ठेवलेली एक खिल्लारी जोडी. त्यांचा एक बैल पुढच्या पायानं दुखावला तेव्हा त्यांनी पत्री मारायला पाठवला. रहीमनं विचारलं, बाजारात न्यायचाय का? गडी बोलून गेला, व्हय. रहीमनं बैल परत पाठवला. सर्जेराव स्वतः आले, म्हणाले, "बैल माझा, पत्री माझी, तुझं काय जातं?"

"इमान," रहीम खिळे तोंडात ठेवूनच म्हणाला.

भर चौकात, दोन्ही जिल्ह्यांसमोर. तो बैल तीन बाजार फिरून घरी परत आला. सर्जेराव काही बोलले नाहीत. आमच्याकडं गप्प बसणाऱ्याला जास्त भ्यावं.

रहीमचा दुसरा वैरी त्याच्या पाठीशीच राहायचा. सारजाबाई. लिंबामागचं पत्र्याचं घर तिचं. नवरा कधीच गेला, लेक खुलताबादला दिलेली, दारात एक म्हैस आणि पाच-सहा शेळ्या. वीस वर्षांपूर्वी रहीमच्या हातून सांडलेला खिळा तिच्या शेळीच्या पायात गेला आणि ती शेळी मेली. तेव्हापासून सारजाबाईचा दिवस ठरलेला, आधी धार, मग शिव्या. दुधाची किटली घेऊन निघाली की पहिली शिवी रहीमला आणि मग वाटेत जो भेटेल त्याला. सरपंचाला, मास्तरला, मला, माझ्या मेलेल्या बापालाही. "उठला का रं मुडद्या? दुकान उघडलं, आता कोणाचं रान जाळतो खोट्या औषधानं?" असं माझं रोजचं स्वागत असे. एखाद्या दिवशी ती आली नाही तर चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं, हे कबूल करतो. तिनं शिवी घातली की आपण गावात मोजले जातो एवढं तरी कळायचं.

आता गेल्या वर्षीच्या त्या सकाळबद्दल.

कापूस वेचणीचे दिवस होते. सर्जेरावांची खिल्लारी जोडी आदल्या दिवशी रहीमकडं आली. गड्यानं सांगितलं, मालकाच्या खालच्या मळ्यात न्यायचीय, तिथं गाडीला जुंपायची. बाजारचं काही नाही. रहीमनं दोन्ही बैलांना सोळा पत्र्या मारल्या. एक बैल पुढचा पाय जपून टाकत होता, म्हणून सर्जेरावांनीच निरोप दिला की टेम्पोत तूही सोबत जा, तिथं उतरवून पाय बघ आणि ये. टेम्पो सर्जेरावांनी ठरवला. हे सगळं माझ्या दुकानासमोर झालं. मी दुकानाच्या आतून बघितलं, ऐकलं. सकाळी दहाच्या सुमाराला टेम्पो निघाला, मागं बैलांजवळ रहीम.

चौकातून शंभर पावलं गेला नसेल तोच मोटरसायकली आडव्या आल्या. वीस-पंचवीस पोरं, काही पलीकडची, काही आमची, काही कुठलीच माहीत नसलेली. टेम्पोत बैल, बैलांजवळ दाढीवाला म्हातारा. त्यांना आणखी काही बघायची गरज नव्हती. ड्रायव्हर उडी मारून पळाला. रहीमला खाली ओढलं. "कुठं कापायला न्यायला लागला?" असं कुणीतरी ओरडलं आणि त्याच्या उत्तराआधीच हात पडला. रहीमनंही गप्प बसायचं ना! तो म्हणाला, "तुझ्या बापाच्या बैलालाही मीच पत्र्या मारल्यात, जा विचार त्याला." मग जे पडलं तो हात नव्हता. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, आणि तो रस्त्यावर पालथा पडला. बरोबर मधोमध.

तोवर आख्खं गाव जमलं होतं. दुकानं सोडून लोक आले होते. मीही शटर अर्धं ओढून आलो होतो, अगदी पुढं, दुसऱ्या रांगेत. शंभर माणसांत पन्नास तरी असे होते की ज्यांना ती जोडी कोणाची हे पाठ होतं. सर्जेरावांच्या पोळ्याच्या मिरवणुकीत आम्ही सगळेच त्या बैलांपुढं नाचलो होतो. कुणी तोंड उघडलं नाही.

सर्जेराव स्वतः पलीकडच्या पानटपरीपाशी उभे होते. पोरांपैकी एकानं विचारलं, "काका, बैल तुमचे आहेत का?"

सर्जेरावांनी पानाची पिंक टाकली. "मी पत्री मारायला दिले होते बाबा. हा कुठं घेऊन चाललाय ते त्यालाच विचारा."

यात एक शब्द खोटा नव्हता. माणसाला मारायला खोटं बोलावंच लागतं असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकानं टेम्पोतली लोखंडी कांब काढली.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. टेम्पो यांनीच ठरवलाय, एवढंच. पण माझी निम्मी गिऱ्हाईकं पलीकडची, आणि पलीकडं सर्जेरावांनी मान हलवल्याशिवाय पान हलत नाही. शिवाय ती पोरं. शिवाय आपल्याला काय करायचंय. मनुष्य गप्प बसायला किती कारणं शोधू शकतो! मला तर एका क्षणात चार सापडली.

इतक्यात पाठीत कोपर बसलं. "सरक की मुडद्या!" सारजाबाई. एका हातात दुधाची रिकामी किटली, पदर खोचलेला. मला ढकलून ती पुढं गेली, रस्त्यात पडलेल्या रहीमकडं बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ टेम्पोच्या फाळक्यावर चढली. एवढ्या उंच बैलाच्या पायाशी वाकली आणि त्याचा पुढचा पाय गुडघ्यातून दुमडून वर उचलला. माझ्याकडं बघून म्हणाली, "ए मुडद्या, ये वर. धर ह्यो पाय, समद्यास्नी दिसू दे."

मी एक पाऊल मागं सरलो. एवढंच केलं मी त्या दिवशी.

"तुम्ही कुणीच नका धरू," ती म्हणाली, आणि पाय स्वतःच मांडीवर घेतला. त्या खुरावर नवी पत्री उन्हात चकाकत होती. "बघा रं भाडखाव! डोळे फुटले नसतील तर बघा. कालच्या पत्र्या हायेत. ह्यो रहीम्या लई हलकट माणूस हाय. माझी शेळी मारली ह्यानं. ह्याच्या तोंडात किडे पडोत. पण ह्यानं बाजारच्या बैलाला आजवर पत्री मारली नाय. मारली असंल तर एकानं पुढं यावं आन् सांगावं!" ती थांबली. कोण पुढं येणार? "मंग कापायच्या बैलांना सोळा पत्र्या कोण मारंल? तुमचा बाप?"

पोरांमध्ये दोघं-तिघं शेतकऱ्यांची होती. त्यांनी पाय बघितला, मग जमीन बघितली. त्यांना उमगलं. कांब हळूच टेम्पोत परत गेली. पानटपरीपाशी सर्जेराव हसले, "अरे, माझीच जोडी की ती! मळ्यात चालली होती. मला नीट ऐकूच आलं नाही." एवढं ऐकून मोटरसायकली एकेक करून निघून गेल्या.

पोलीस आले. अलीकडचे आले, पलीकडचेही आले. अलीकडचे म्हणाले, पडला तेव्हा डोकं पलीकडं होतं. पलीकडचे म्हणाले, पण पाय तर तिकडं आहेत. मला ते कुत्रं आठवलं. शेवटी तक्रार कुणीच लिहून घेतली नाही. सारजाबाईनं खाली उतरून किटली उचलली आणि रहीमच्या अंगावरून जाताना म्हणाली, "मेला असतास तर बरं झालं असतं. माझ्या शेळीचं पाप तरी फिटलं असतं." मग तिनंच रिक्षा थांबवली आणि त्याला आत कोंबून दवाखान्यात नेलं.

कपाळाला अकरा टाके पडले. अफजल शहरातून आला, बापाला घेऊन जातो म्हणाला. गावाला वाटलं आता हा जाणार, आणि खरं सांगतो, सगळ्यांना बरंही वाटलं. ज्याचं आपण वाईट केलं तो डोळ्यांसमोर नको असतो. पण तीन आठवड्यांनी एका सकाळी लिंबाखालून ठोकठोक ऐकू आली. अफजल रागानं एकटाच परत गेला होता. रहीम बसला होता, कपाळावर तांबडा व्रण, तोंडात चार खिळे.

पहिला आला कचरू. गरीब माणूस, दोन एकरवाला. त्याच्या मनात काही नव्हतं, बैल बाजारात न्यायचा नाही हे उत्तर तयार ठेवून आला होता. रहीमनं दोर उचलला आणि विचारलं,

"त्या दिवशी कुठं होतास?"

कचरूला कळायला वेळ लागला. मग मान खाली घालून म्हणाला, "तिथंच व्हतो, रहीमभाई."

"मग ने बैल."

बस. जुना प्रश्न गेला, हा आला. आणि मागं ओट्यावर शेळ्यांना पाला टाकत सारजाबाई बसलेली. तिचं रहीमशी वैर जसंच्या तसं होतं, रोजच्या शिव्या चालूच होत्या. पण लोकांची फजिती बघायला मिळते म्हणून ती कामधंदा सोडून तिथं बसू लागली. राजकुमार मास्तर म्हणाले, मी शाळेत होतो. ओट्यावरून आवाज आला, "शाळंत? खांबाला टेकून भुईमुगाच्या शेंगा खात व्हता!" मास्तर बैल घेऊन चालू लागले. त्या बाईनं त्या सकाळी कोण कुठं उभं होतं हे सगळं डोळ्यांत भरून घेतलं होतं. रहीमला रक्तामुळं काही दिसलं नव्हतं, ते तिनं बघून ठेवलं होतं.

महिनाभरात गावाची दशा बघण्यासारखी झाली. बैलाच्या पायाला पत्री नाही म्हणजे मालक त्या दिवशी गर्दीत होता. शाळकरी पोरंसुद्धा बैलाचे पाय बघून घरं ओळखू लागली. जे खरंच गावात नव्हते ते एस.टी.ची तिकिटं आणि दवाखान्याची कागदं खिशात घालून हिंडू लागले. उंबरनाक्याच्या इतिहासात प्रथमच लोक आपण गावात नव्हतो हे छाती पुढं काढून सांगत होते. सर्जेरावांनी आपली जोडी टेम्पोत घालून पन्नास किलोमीटरवरच्या नालबंदाकडं नेली. त्यानं खिळा आत मारला. खिल्लारी आता तीन पायांवर उभा असतो. सगळं गाव रहीमला शिव्या द्यायचं, म्हातारा सूड घेतोय म्हणून, आणि रस्त्यानं कुणाच्या बैलाच्या पत्र्यांचा टकटक आवाज आला की दारात येऊन बघायचं.

माझ्या ढवळ्याचे खूर तोवर झिजून चुना झाले होते. डांबरावर चालला की पाय झटकायचा. कापूस रानात पडून होता. मी रोज दुकानातून लिंबाकडं बघायचो. ओट्यावर सारजाबाई असायची. मी उठायचो आणि परत बसायचो.

मग एक दिवस ती दिसली नाही. लेक बाळंत झाली म्हणून चार दिवस खुलताबादला गेली होती. एका तासाच्या आत माझी जोडी लिंबाखाली उभी होती. लाज वाटत होती, पण पाय चालत होते.

रहीमनं दोर हातात घेतला. "त्या दिवशी कुठं होतास?"

"शहरात, औरंगपुऱ्यात," मी म्हणालो. "बियाण्याच्या व्यापाऱ्याकडं. पहाटेच गेलो, रात्री उशिरा आलो."

तिकीट मागेल म्हणून मी माल आणणाऱ्या गाडीची गोष्टही रचून ठेवली होती. त्यानं मागितलंच नाही. तोंडातले खिळे काढून हातात घेतले. मी त्याला बिनखिळ्यांचं बोलताना पहिल्यांदा बघत होतो.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "दुकान समोर, आणि तू बोलला नाहीस. मी अफजलला म्हटलं, गोकुळ तिथं नसंलच. असता तर बोलला असता. त्याचा बाप खोटं सोसत नव्हता."

आयुष्यात त्यानं कुणाविषयी काढलेला हा एकच चांगला शब्द असेल. मी काही बोललो नाही. गप्प बसण्यात आता मी तरबेज झालो होतो. त्यानं ढवळ्याला पाडलं, मग पवळ्याला. "सो जा मेरे राजा." सोळा पत्र्या, एकेक खिळा सरळ, एकही आत नाही. त्याच्या मागं बुंध्यावर त्या आठ गंजक्या पत्र्या टांगलेल्या होत्या आणि मला तिकडं बघवत नव्हतं. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर त्यानं मला चहा मागवायला सांगितला. मी मागवला. रहीम नालबंदानं उंबरनाक्यात कुणाचा चहा घेतला, ही बातमी बैलांच्या आधी गावात पोचली.

बैल घरी नेताना डांबरावर पत्र्या टकटक वाजत होत्या. दारादारांत माणसं आली. मास्तर म्हणाले, "म्हणजे तुम्ही नव्हतात तर! मला आपलं वाटलं, तुम्हाला पुढंच बघितलं होतं."

"नव्हतो," मी म्हणालो.

कचरूनं माझ्या बैलांकडं ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेनं देवळाकडं बघतात. तो खरं बोलला होता, आणि त्याचे बैल अनवाणी होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या बसनं सारजाबाई उतरली. माझी जोडी दुकानापुढं गाडीला जुंपलेली होती. ती थांबली. हातातली पिशवी खाली ठेवली, ढवळ्यापाशी वाकली आणि त्याचा पुढचा पाय गुडघ्यातून दुमडून वर उचलला. त्या दिवशी उचलला होता तसाच. नवी पत्री बघितली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मी शिवीची वाट बघत होतो. मनात म्हणत होतो, घाल, भर रस्त्यात घाल, रहीमला ऐकू जाईल अशी घाल. तिनं पाय सावकाश खाली सोडला, पिशवी उचलली आणि घरी गेली.

तिनं रहीमला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं माझ्या तोंडावर त्या सोळा पत्र्या उपटून मारल्या असत्या. का सांगितलं नाही ते मी तिला विचारू शकत नाही. मला वाटतं, त्याच्या हातानं खोट्या माणसाच्या बैलाला पत्री लागली हे त्याला कळू नये, एवढ्याचसाठी ती गप्प राहिली. वीस वर्षं ज्याच्या मरणाची वाट बघितली त्याच्यासाठी.

रहीम आता मला चहाला बोलावतो. पत्र्या झिजल्या की नव्या मारून देतो, काही न विचारता. सारजाबाई रोज सकाळी किटली घेऊन निघते. रहीमला शिवी घालते, सरपंचाला घालते, मास्तरला घालते, कचरूला घालते. माझ्या दुकानापुढून मात्र मुकाट्यानं जाते.

त्या दिवसापासून तिनं मला एकही शिवी दिलेली नाही.